मालूच्या परसातला कोबा

मालू, तुझ्या निलेशला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तू मध्येमध्ये "जाऊ दे ना विजू" करत बसणार नाहीस.

तुझं तेरावं झालं. दारातला मांडव सुटला, कळवणचे तुझे माहेरचे बहुतेक पाहुणे गेले, आणि कॉलनीत आता सगळे तुझ्याबद्दल गोड बोलतायत. किती शांत होती, किती सोशिक होती. त्या सोशिक शब्दाचा मला संताप येतो. तू कसली सोशिक? तुझ्या वेलाची एक काकडी न विचारता कुणी तोडली तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचीस. सोशिक तू एकाच माणसापुढे झालीस, आणि नेमकं तिथेच व्हायला नको होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला आपण इंदिरानगरात राहायला आलो तेव्हा पलीकडे अजून मळे दिसायचे. आपली घरं एकाला एक लागून. मागे दोघींना सारखाच मातीचा पट्टा, मधे कमरेएवढी भिंत, आणि परसाचं फाटक मागच्या गल्लीत. मी रोपवाटिकेतून गुलाबाची कलमं आणून मोठ्या हौसेनं लावत होते. तू भिंतीवर कोपर टेकून बराच वेळ बघत राहिलीस आणि विचारलंस, "ताई, हे खायचं का बघायचं?"

"बघायचं."

"मग पोटाला काय?"

मला तुझा रागच आला होता. दुसऱ्या दिवशी तू कागदाच्या पुडीत घेवड्याचं बी आणून दिलंस. "पाणी घाल, पण लाड करू नको. लाड केले की नुसता पाला माजतो," एवढं सांगून घरात निघून गेलीस. तो घेवडा माझ्या गुलाबांवर चढला आणि गुलाब गेले. मी तक्रार करायला आले तर तू माझ्याच घेवड्याच्या शेंगा परतून माझ्यापुढे ठेवल्यास. तिथून आपलं जमलं.

श्रावण निम्मा सरला की तुझं परस ओळखू यायचं नाही. मांडवावर दोडके, त्यांच्या मागे कारली, कडेला गवार आणि भेंडी, मोरीचं पाणी जायचं तिथे छातीएवढा अळू, संडासाच्या पत्र्यावर लाल भोपळा. माहेराहून आणलेल्या कंदांची कर्टुली तू कुंपणाच्या तारेवर चढवली होतीस. ती काढताना हाताला ओरखडे यायचे, तरी दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाहीस. सकाळी वेलाची काकडी तोडून, पदरानं तिचे बारीक काटे पुसून, तिथेच दोन तुकडे करायचीस. एक मला, एक तुला. मीठसुद्धा नाही. तशी काकडी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही, आणि हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, कारण बोलले असते तर तू आठवडाभर मिरवलं असतंस.

आणि भांडणं किती! पडवळ सरळ वाढावं म्हणून तू त्याच्या टोकाला दोऱ्यानं दगड बांधायचीस. मी म्हणायचे, वाकडं वाढलं तर काय बिघडतं, चिरायचंच तर आहे. तू म्हणायचीस, "वाकडं पडवळ चिरताना सुरी सरकते नि बोट कापतं. तुला काय, तू दोनच माणसांचं चिरतेस." वेलावरची पहिली चांगली काकडी तू बियाणाला राखायचीस, मला ती खायची असायची. दरवर्षी तेच भांडण. यंदा माझ्या वेलावरून तरी ते होईल म्हणून मी वाट बघत होते.

पण आपला खरा सण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हातानं पिकवलेलंच खायचं. कॉलनीतल्या बाकीच्या बायका बाजारातून आणायच्या आणि तिथलं खरंच हातानं पिकवलेलं आहे का याचा विचार करत नसत. तू करायचीस. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी तुझ्या मागच्या फाटकाशी टोपल्या घेऊन बायका उभ्या राहायच्या. तू प्रत्येकीला थोडं थोडं द्यायचीस. अळूची पानं, देठ, भेंडी, दोडका, भोपळ्याचा तुकडा. देताना प्रत्येक वेळी सांगायचीस, "ह्याला बैल लागला नाही हां. माझे हात लागलेत." त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जो माज असायचा, तो मला फार आवडायचा.

भाऊजी गेले तेव्हा तू कितीतरी दिवस कुणाशी बोलली नाहीस. निलेशशीसुद्धा दोन शब्दांपलीकडे नाही. पण सकाळी नळी घेऊन परसात यायचीस आणि वेलांशी बोलायचीस. मी माझ्या बाजूला भांडी घासत, आवाज न करता, सगळं ऐकायचे. भाऊजींना सांगायचं राहिलेलं तू त्या दोडक्यांना सांगत होतीस. म्हणून म्हणते, ते नुसतं परस नव्हतं. तुझा पोरगा त्याच घरात राहत होता, त्याच भाज्या खाऊन वाढला होता, आणि त्याला हे कधी दिसलं नाही.

गेल्या वर्षी श्रावणाच्या शेवटी तुझं पोटाचं ऑपरेशन झालं. निलेश मला म्हणाला, "काकू, तुम्ही आईजवळ थांबा. घरचं मी बघतो." मला वाटलं, काय समजूतदार पोरगा आहे! मी तुझ्या उशाशी बसले होते आणि तू पडल्या पडल्या हुकूम सोडत होतीस. भोपळ्याखाली वीट सरकव, नाहीतर ओल्या पत्र्यावर बुडाशी सडेल. काकडी आज तोडली नाही तर बी धरेल. गवारीला मावा दिसतो का बघ.

मी कपडे बदलायला म्हणून घरी आले तर मागच्या गल्लीत ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. आधी मला कळलंच नाही त्यात काय आहे. मग पडवळं दिसली. टोकांना तुझे दगड तसेच बांधलेले होते. कर्टुलीचे कंद मुळांसकट उपटून वर फेकलेले. हिरवा, अर्धवट वाढलेला भोपळा, त्याच्या देठाला वेलाचा तुकडा. अळूची पानं चिखलात तुडवलेली. आणि आत, फाटकापासून मोरीपर्यंत, मुरूम ठोकून वर सिमेंटचा कोबा. निलेश तुझीच नळी घेऊन त्या कोब्यावर पाणी मारत होता.

"काकू, बघा कसं मोकळं झालं! साप-विंचवाची भीती नको आणि गाडीही आत येईल."

"आईला विचारलंस?"

"सरप्राइज आहे. तिला आता वाकणं झेपणार नाही, डॉक्टरच म्हणाले."

"अरे, पंचमी तोंडावर आलीय. तेवढं तरी थांबायचंस."

"बाजारात मिळतं की सगळं, काकू."

मी परत दवाखान्यात आले. तू डोळे उघडून पहिलं विचारलंस, "काकडी तोडलीस?" मी म्हटलं, "तोडली." मालू, तू मला कधी खोटं बोलायला लावलं नव्हतंस. तुझ्या मुलानं लावलं. कोब्याचा राग एकीकडे आणि त्या एका शब्दाचा राग एकीकडे. तराजूत घातले तर दुसरा जड होईल.

तू रिक्षानं घरी आलीस, भिंतीला धरत मागच्या दारापर्यंत गेलीस आणि उभी राहिलीस. मी तुझ्या मागे होते. मला वाटलं, आता तुझा तो गल्लीभर ऐकू जाणारा आवाज निघेल. तू म्हणालीस, "बरं झालं. चप्पल न घालता फिरता येईल." आणि आत जाऊन पडलीस.

मी तुझ्या खाटेशी येऊन बोलले. नको तेवढं बोलले. "तू त्याला दोन थोबाडीत दे. नाहीतर मी देते."

"काय बोलू त्याला? मुली बघतोय. पाहुणे येतील, गाडी दारात दिसली पाहिजे."

"पाहुणे गाडीशी लग्न लावणार आहेत का?"

तेव्हा तू उसळलीस. "आपलाच पोऱ्या शे ना!" माहेरची भाषा तुझ्या तोंडी फक्त राग अनावर झाला की यायची. म्हणजे तुला राग आला होता. पण तो काढलास माझ्यावर.

पंचमीला तुझ्याकडे बाजारची भाजी शिजली. निलेशनंच आणली होती, मोठी पिशवी भरून. तू ताटावर बसलीस, एक घास घेतलास आणि हळूच मला म्हणालीस, "ह्यात बैल लागलाय." बस्, एवढंच. निलेश शेजारच्या खोलीत फोनवर हसत होता. त्या घासासाठी मी त्याला सोडणार नाही असं मी त्याच ताटासमोर ठरवलं.

मग मी शेवगा लावला. आपल्या मधल्या भिंतीला अगदी चिकटून, माझ्या बाजूला. मनगटाएवढी फांदी खोचली आणि हिवाळाभर, उन्हाळाभर तिला पाणी घातलं, लाडसुद्धा केले. तो असा वाढला की आषाढात त्याच्या फांद्या थेट निलेशच्या गाडीवर. आधी फुलं गळून काचेवर चिकटायची. मग पावसात खोडावर सुरवंट धरले. केसाळ, ढिगानं. सकाळी कंपनीत जायला निलेश गाडीशी यायचा आणि टपावर, दाराच्या मुठीवर, काचेवर सुरवंट. एकदा एक कॉलरमधून आत शिरला. तो अंग खाजवत, नाचत फाटकाबाहेर पळाला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आमचे हे म्हणाले, "तू सुधारणार नाहीस." मी म्हटलं, "नाही."

"काकू, तेवढ्या फांद्या छाटता का?" निलेश विचारायला आला.

"शेंगा धरू देत, मग छाटू."

तुझ्या लगेच लक्षात आलं होतं. तू खिडकीतून मला हाक मारलीस. "विजू, शेवगा भिंतीपासून लांब लावतात. तू अंगावर का लावलास?"

"चुकून."

तू हसायला लागलीस. टाक्यांची जागा धरून हसलीस, खोकला लागेपर्यंत. "लय वाईट आहेस तू," म्हणालीस. पण त्याला सांगितलं नाहीस. उलट त्याच शेवग्याचा पाला भाजीला मागून घेतलास आणि चाटूनपुसून खाल्लास. म्हणजे माझ्या सुडात तुझाही घास होता, मालू. आता नाकबूल करू नकोस.

त्या हसण्यानंतर तू फार दिवस राहिली नाहीस. दुखणं आत पसरलं होतं. शेवटच्या आठवड्यात मी तुझ्याजवळ घेवडा निवडत बसले होते. माझ्या परसातला, पण बी तुझंच. तू डोळे मिटून म्हणालीस, "मी गेल्यावर निलेशला काही बोलू नको. शब्द दे."

मी शेंगांच्या शिरा काढत राहिले.

"विजू."

"शेंगा जून झाल्यात ह्या," मी म्हटलं.

तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. आपल्यातलं ते शेवटचं धड बोलणं. त्यानंतर पाणी दे, पांघरूण ओढ, एवढंच.

तू गेल्यावर मी रडले नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. कुठे बोलायचं तेही ठरलं होतं. दहाव्याला, गोदाघाटावर, तुझ्या सगळ्या माहेरच्यांसमोर. घरात बोलले असते तर भिंतीत जिरलं असतं.

घाटावर त्या दिवशी गर्दी होती. शेजारच्यांचे पिंड कावळे हां हां म्हणता शिवत होते. तुझा पिंड ठेवला आणि एकही खाली उतरेना. कठड्यावर बसून नुसते माना वाकड्या करत होते. निलेश ओल्या धोतरानिशी, मुंडण करून, हात जोडून उभा. "आई, मी वेळेवर जेवेन. आई, लग्न करीन. त्र्यंबकला जाऊन सगळे विधी करीन." कावळे ढिम्म. गुरुजींना पुढचं काम होतं. ते म्हणाले, "काही राहिलं असेल, आठवा." तुझा भाऊ सगळ्यांना विचारत फिरला, "कोनाला काही सांगितलं व्हतं का तिनं?"

मी गप्प होते. मला ते बघायचं होतं. ऊन चढत होतं, त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरून घाम ओघळत होता, आणि मला बरं वाटत होतं. शेवटी तो माझ्याकडे वळला.

"काकू, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही सांगा."

"सांगते," मी म्हटलं. "गेल्या वर्षी तुझी आई दवाखान्यात असताना तू तिचं परस उपटून ट्रॉलीत भरलंस. तुझे वडील गेल्यावर ती जिथे उभी राहून बोलायची, तिथे तू गाडी उभी केलीस. पंचमीला तिला तू बाजारची भाजी आणून दिलीस. तिनं एक घास खाल्ला आणि ठेवून दिला. तू शेजारच्या खोलीत फोनवर हसत होतास."

कळवणच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. तुझा भाऊ निलेशकडे असा बघत होता की जणू आजच ओळख झाली.

"मला आई काही बोललीच नाही," निलेश म्हणाला.

"तू विचारलंस?"

मी वर्षभर ज्याची वाट बघितली ते माझ्यासमोर होतं. तो पायरीवर खाली बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून. मग उठला, पाणी सोडलं आणि म्हणाला, "आई, मी तो कोबा फोडतो. माझ्या हातानं." सगळ्यांच्या माना कठड्याकडे वळल्या.

कावळा आला नाही, मालू. बराच वेळ थांबलो. नाहीच आला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे गुपचूप गाडीत बसले.

घरी येईपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते. आता तर सांगितलं होतं सगळं, कबूलही करून घेतलं होतं, मग का अडलीस? घराशी येता येता कळलं. तुझं मागणं परसाचं नव्हतंच. त्याला बोलू नको, हेच तुझं मागणं होतं, आणि मी ते चारचौघांत, घाटावर, उधळून लावलं. म्हणून कावळा धरून ठेवलास ना? ठेव. मी शब्द दिला नव्हता, त्यामुळे मोडलेलाही नाही. तू आई होतीस, तुला सगळं गिळता येत होतं. मी तुझी शेजारीण. तुझ्या वाटचं रागावणं कुणीतरी करायला हवं होतं.

परवा सकाळी माझ्या वेलाला काकडी दिसली. तोडली, काटे पुसले आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले. पलीकडे कोबा आणि गाडी. दोन तुकडे केले होते. दुसऱ्याचं काय करावं ते कळेना. तेव्हा रडले. पोटभर रडले, कुणी बघायला नव्हतं. गुलाब लावणाऱ्या बाईला तू मातीत हात घालायला शिकवलंस, चवीनं खायला शिकवलंस, भांडायला शिकवलंस. एवढं दिलंस आणि शेवटी मागितलंस ते नेमकं मला देता न येणारं.

काल मागून आवाज आला. निलेशनं दोन मजूर बोलावले होते. मी भिंतीशी गेले आणि म्हटलं, "तुझ्या हातानं म्हणाला होतास. घाटावर." त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मजुरांना परत पाठवलं. गाडी गल्लीत काढली. तुझा भाऊ अजून इथेच आहे, तो म्हणाला, "कावळा तर शिवलाच न्हाई. मंग कशाला फोडतो आता?"

"कावळ्यासाठी नाही, मामा," निलेश म्हणाला आणि घण उचलला.

हे त्यानं बोलायला नको होतं. माझा राग छान चालला होता.

आज सकाळपासून पुन्हा तो घण मारतोय. संगणकापुढे बसणारा माणूस, दोन घाव घालतो आणि कंबर धरतो. तळहातांना फोड आलेत, त्यांना त्यानं फडकं गुंडाळलंय. मी माझ्या बाजूला खुर्ची टाकून बसले आहे. एका कोपऱ्यातला कोबा निघाल्यावर त्यानं विचारलं, "काकू, एवढं खोल पुरे?"

"नाही. मुरूम सगळा काढ. खालची काळी लागेपर्यंत."

तो गुडघ्यांवर बसून हातानं मुरूम उकरायला लागला. काळी लागली. वर्षभर सिमेंटखाली राहूनही ओली होती. त्यानं ती मूठभर हातात घेऊन दाबून पाहिली. काय विचार करत होता कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

मग त्यानं पाणी मागितलं. तू असतीस तर तांब्या घेऊन, गुळाचा खडा घेऊन धावत आली असतीस. मी नळाकडे बोट दाखवलं. तो उठला, ओंजळीनं पाणी प्यायला, तोंडावर मारलं, आणि पुन्हा घण घेऊन आला.

मी खुर्ची जरा सावलीत ओढून घेतली. अजून अर्ध्याहून जास्त कोबा शिल्लक आहे.